आतली माया

फार फार मागची गोष्ट. शिवणयंत्र अजून कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं आणि अंगावरचा प्रत्येक कपडा घरातल्याच बाईच्या सुईखालून निघायचा, त्या काळची. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी, कारण यातली चूक लहान मुलं करत नाहीत.

एका राज्यात नदीकाठी एक गाव होतं. त्या गावाचा एक नेम होता. नवरीच्या अंगाला परक्याचा टाका लागू द्यायचा नाही. लग्नाची चोळी घरातच बेतायची आणि घरातच शिवायची. सणाचं पोलकं, रोजचा परकर, सगळं तसंच. राजवाड्यातला शिंपी आपण होऊन दारात आला असता, तरी गावच्या बायांनी त्याला ताक पाजून वाटेला लावला असता.

त्या गावात दुर्पदाबाई नावाची एक बाई राहायची. तिचा हात असा, की तिने घातलेला टाका शोधायला डोळे बारीक करावे लागत. तिला एकच मुलगी होती, अंबू. अंबू चार वर्षांची असताना दुर्पदाबाईची जाऊ तापाने गेली. दीर तर आधीच गेला होता. त्यांची मुलगी भिवरा अंबूच्याच वयाची. ती दुर्पदाबाईच्या पदरात आली.

जाताना जावेने तिचा हात धरला होता. म्हणाली होती, "बाई, पोरीला कोंडा खायला घाला, पण अंबूपेक्षा वेगळं कापड घालू नका. आपण घरात कोण आहोत ते पोरीला कापडावरून कळतं."

"एकाच ताग्यातलं घालीन," दुर्पदाबाईने शब्द दिला. "बघणाराने कितीही निरखून बघितलं, तरी त्याला फरक दिसायचा नाही."

आणि तो शब्द तिने अक्षर न अक्षर पाळला. दर दिवाळीला एक तागा यायचा. त्यातून दोन परकर आणि दोन पोलकी निघायची. रंग एक, काठ एक, बाहीची लांबी एक. दोघी पोरी हात धरून देवळात निघाल्या की ओट्यावरच्या बाया म्हणायच्या, "पोटची कुठली आणि जावेची कुठली, ब्रह्मदेवालासुद्धा सांगता यायचं नाही."

हे ऐकलं की दुर्पदाबाईला जेवण गोड लागायचं. गावात दोन जावांचं वाजलं, सासूसुनेत वाटणीवरून तोंडं फिरली, की लोक म्हणत, दुर्पदाबाईला बोलवा, तिच्या हाताला दुजाभाव नाही. ती जायची, मधे बसायची, सांगायची. लोक ऐकायचे.

आता कपड्याच्या आत चला. बाहेरून बघून पुष्कळ झालं.

ज्यांनी कधी सुई धरली नाही त्यांच्यासाठी सांगते. कपडा शिवताना शिवणीच्या आत दोन बोटं कापड जादा सोडतात. ते बाहेरून दिसत नाही. पोर वाढलं, अंग भरलं, की जुनी टीप उसवायची, ते आतलं कापड मोकळं करायचं आणि कडेने नवी टीप घालायची. कपडा पोराबरोबर वाढतो. त्या जादा कापडाला माया म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं ते मला ठाऊक नाही, पण ठेवणारीने लेकरं वाढवलेली असणार.

भिवरा घरात आली त्या पहिल्या दिवाळीला कापड चार बोटं कमी पडलं. दुर्पदाबाई कात्री हातात घेऊन बसून राहिली. वाचवायचं तर कुठे वाचवायचं? बाही आखूड केली तर दिसणार. घेर कमी केला तर दिसणार. मग तिने एका पोलक्याची माया काढून टाकली. शिवण धरेल एवढीच अर्धं बोट कड ठेवली. ते पोलकं दोघींपैकी कुणाचं, हे ठरवायला तिला वेळ लागला नाही. तिथेच सगळं दुखणं होतं.

"एकच वर्ष," ती स्वतःशी म्हणाली. "आणि उलटं करून बघतंय कोण?"

दुसऱ्या दिवाळीला कापड पुरलं, उरलंसुद्धा. पण हाताला वळण लागलं होतं. अंबूच्या पोलक्याला दोन बोटं, भिवराच्या पोलक्याला अर्धं. उरलेल्या कापडाची अंबूला वर एक पिशवी झाली. तिसऱ्या वर्षी तर आपण काय करतोय हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. चूक पहिल्यांदा करताना माणसाला घाम फुटतो. दहाव्यांदा करताना तो गाणं म्हणत असतो.

पोरी वाढत होत्या. मकरसंक्रांत आली की अंबूचं पोलकं दाटायला लागायचं. मग दुपारच्या वेळी पोरी नदीवर गेल्या की दुर्पदाबाई ते घेऊन बसायची, टीप उसवायची, माया मोकळी करायची. पोलकं पुन्हा अंगाला बसायचं. अंबूला वाटायचं, कपडे असेच असतात, वर्षभर पुरतात.

भिवराचं पोलकं मात्र संक्रांतीला काखेत फाटायचं.

"पोर आहे का रेडकू?" दुर्पदाबाई म्हणायची. "अंबूचं बघ. एकाच ताग्यातलं, एकाच दिवशी शिवलेलं. तिचं टिकतं आणि तुझंच कसं गं फाटतं?"

भिवरालाही दिसत होतं की कापड एकच आहे. म्हणजे दोष आपल्या अंगाचा, असं तिने धरून टाकलं. ती हात अंगाशी आवळून चालायला शिकली. शिंक्यावरचं काही काढायचं असलं, की अंबूला हाक मारायची. फुगडीला बाया बोलवायच्या, तर ही भिंतीशी उभी राहून टाळ्या वाजवायची. लोक म्हणायचे, पोर शांत आहे हो. शांत कसली, काखेतली शिवण सांभाळत होती.

एकदा तिने विचारलं, "काकू, मला शिवायला शिकवाल?"

"तुला कुठे शिकवत बसू मी? बघ आणि शीक."

काकू शिवताना जवळ बसू द्यायची नाही, सावली पडते म्हणून हाकलायची. मग भिवराने आपलीच वाट काढली. फाटलेलं पोलकं घ्यायचं, सगळं उसवायचं, तुकडे जमिनीवर मांडायचे. पाठ कशी, बाही कशी, काखेतला तुकडा कसा, ते कोळशाने जुनेऱ्यावर आखायचं आणि त्याबरहुकूम नवं कापून पुन्हा जोडायचं. तिचं फाटकं पोलकं हाच तिचा गुरू. चारपाच वर्षांत तिचा हात असा बसला, की टाका काकूपेक्षा बारीक. शेजारच्या बायांची टोपडी आणि उशांचे अभ्रे ती शिवून द्यायला लागली.

यथाकाल अंबूचं लग्न ठरलं. माणसं चांगली होती, घर चांगलं होतं. फक्त एक अडचण होती. दुर्पदाबाईला सुईचं नाक दिसेनासं झालं होतं. नवरीची चोळी घरातच व्हायला हवी, आणि घरात सुई धरणारी दुसरी एकच.

दुर्पदाबाईने दोऱ्याने अंबूचं माप घेतलं, हिरवं कापड पुढे टाकलं आणि म्हणाली, "भिवरा, घे. नीट शीव. नेहमीसारखं शीव."

"नेहमीसारखंच शिवते, काकू."

आठ दिवसांत चोळी झाली. दुर्पदाबाईने बाहेरून बोट फिरवलं. टाका हाताला लागेना. ती खूश झाली आणि चोळी घडी करून पेटीत ठेवली.

मग केळवणं सुरू झाली. आज मामाकडे, उद्या मावशीकडे, परवा पलीकडच्या आळीत. जो तो नवरीला पाटावर बसवणार आणि वाढणार. अंबूला नाही म्हणता यायचं नाही, आणि खरं सांगायचं तर तिला म्हणायचंही नव्हतं. सोळा घरी सोळा वेळा पुरणपोळी झाली. एका वहिनीने पाचवी पोळी टाकली तेव्हा अंबू म्हणाली, "वहिनी, चोळी व्हायची नाही हो मला."

"खा गं," वहिनी म्हणाली. "केळवणाची नवरी भरतेच. चोळी शिवणारी माया ठेवते ती कशासाठी? खा."

लग्नाचा दिवस उजाडला. हळद झाली, न्हाणं झालं. आतल्या खोलीत अंबूला चोळी चढवायला बाया जमल्या. दुर्पदाबाई होती, भिवरा होती, शेजारच्या दोघी होत्या आणि दुर्पदाबाईच्या नवऱ्याची म्हातारी आत्या होती. तिला सगळं गाव आत्याबाई म्हणायचं.

बाही दंडाशी अडली. ओढून ताणून वर नेली, तर समोर गाठ येईना. दोन्ही टोकांमधे दोन बोटांचं अंतर.

"श्वास आत घे," शेजारीण म्हणाली.

"घेतलाय."

"अजून घे."

"मग बोहल्यावर सोडायचा कधी?" अंबू म्हणाली.

आत्याबाई हसल्या. "पाच लाडू कमी खाल्ले असतेस, तर काय केळवण मोडलं असतं?"

"त्यातले दोन तुम्हीच कोंबलेत, आत्याबाई."

दुर्पदाबाईला काळजी वाटली नाही. ती म्हणाली, "त्यात काय. पान चघळून होईस्तोवर होईल. आण गं ती चोळी. काखेतली टीप उसव आणि माया मोकळी कर."

आत्याबाईंनी चोळी उलटी केली. त्यांची बोटं शिवणीवरून गेली, परत आली, पुन्हा गेली.

"दुर्पदा," त्या म्हणाल्या, "हिच्यात माया नाही."

"नीट बघा. तुम्हाला दिसत नसेल."

"डोळे गेलेत माझे, बोटं नाही गेली. तूच बघ."

दुर्पदाबाईने चोळी हिसकावली. शिवण चाचपली. अर्धं बोट, एवढंच. बाहेर वाजंत्री वाजत होती, मुहूर्त डोक्यावर आला होता. दुसऱ्या कुणाची चोळी चालत नव्हती. सोळा घरचं खाऊन नवरी तयार, आणि अंगात घालायला चोळी नाही.

ती भिवरावर फिरली. "माया का नाही ठेवलीस?"

भिवराने पुढे होऊन चोळीच्या शिवणीला हात लावला.

"बोल की. जळलीस ना तू? एका ताग्यातलं घातलं तुला, एका ताटात जेवू घातलं, आणि माझ्या पोरीच्या लग्नात असा डाव साधलास? सगळ्या बायांसमोर विचारते, का नाही ठेवलीस माया?"

"काकू, मला ठाऊक नव्हतं ठेवतात ते," भिवरा म्हणाली. "मला कुणी शिकवलं नाही. मी माझी पोलकी उसवून शिकले. माझ्या एकाही पोलक्यात माया नव्हती."

ती रडली नाही, की तिने आवाजही चढवला नाही. तांदूळ निवडताना बाई खडा उचलून दाखवते, तेवढंच तिने केलं.



आत्याबाई उठल्या. भिवराच्या अंगातल्या पोलक्याची बाही त्यांनी दुमडून उलटी केली आणि शिवणीला हात लावला. अंबूने उतरवलेलं रोजचं पोलकं खुंटीला होतं. ते घेतलं, त्याच्या शिवणीला हात लावला. त्यात अजून बोटभर माया उरली होती, आणि मोकळ्या केलेल्या जुन्या टिपांची भोकं होती.

"ही पोटची," आत्याबाई म्हणाल्या, "आणि ही जावेची. ब्रह्मदेव कशाला हवा? आंधळ्या म्हातारीला सांगता येतंय."

दुर्पदाबाईला काहीतरी बोलायचं होतं. मी हिला उपाशी ठेवलं का, मारलं का, असं ओठांवर आलं. पण तिने ना उपाशी ठेवलं होतं, ना मारलं होतं. म्हणूनच तर इतकी वर्षं पोरीला कळलं नव्हतं की आपल्याला काय कमी पडतंय.

अंबू हळदीच्या अंगाने उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, तू तिला रेडकू म्हणायचीस."

बायांच्या नजरा दुर्पदाबाईला सोसल्या असत्या. हे सोसलं नाही.

बाहेरून हाक आली, "नवरीला आणा."

तेव्हा भिवरा म्हणाली, "काकू, कापड वाचलंय त्यातलं. दोन पट्ट्या आहेत. तुम्ही कापड वाचवता, म्हणून मीही जपून बेतलं होतं. तुम्हाला बरं वाटेल म्हणून ठेवल्यात."

तिने पट्ट्या आणल्या. काखेतली शिवण उसवली, दोन्ही बाजूंना एकेक पट्टी जोडली. हात भराभर चालत होता. गाठ बसली. अंबूने वाकून तिचा हात धरला, पण भिवरा म्हणाली, "सुई आहे हातात, टोचेल. जा, लोक थांबलेत."

पण जोड तो जोड. जे आतून निघायला हवं होतं ते बाहेरून लावलेलं होतं, आणि ते लपत नव्हतं. माळ घालायला नवरीने हात उचलले तेव्हा दोन्ही काखांतले तुकडे सगळ्या मांडवाने पाहिले. नवऱ्याकडच्या एका बाईने विचारलंसुद्धा, "नव्या चोळीला ठिगळ कसं हो?"

गावातली एकही बाई उत्तर द्यायला पुढे झाली नाही. दुर्पदाबाईचा अपमान करावा असं कुणाच्या मनात नव्हतं, पण खोटं कुणालाच सुचेना. पंगत उठायच्या आत ते गावाला कळलं.

नंतर कुणी तिला टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, तिला भांडता तरी आलं असतं. झालं ते वेगळंच. शेजारच्या बारशाला तिने पूर्वी शिवून ठेवलेलं एक टोपडं नेलं. बाळाच्या आजीने ते हातात घेतलं, छान आहे म्हणाली आणि मग सहज उलटं करून आतून बघितलं. त्या दिवसापासून तिने काहीही दिलं, की बाया आधी ते उलटं करायच्या. दोन जावांचं पुन्हा वाजलं तेव्हा तिला बोलवायला कुणी आलं नाही. इतकी वर्षं जो मान घरचा वाटत होता, तो शिवणीच्या अर्ध्या बोटावर उभा होता.

दिवाळी जवळ आली. अंबू सासरी गेलेली. दुर्पदाबाईने तागा मागवला आणि स्वतः शिवायला बसली. शेजारणीकडून सुया ओवून घ्यायची, अंदाजाने टाके घालायची. बोटांना सुया टोचत होत्या, ती हटली नाही. भिवरासाठी चोळी शिवली आणि आत चार बोटं माया ठेवली. दोन्ही काखांत, दोन्ही कडांना, पाठीलासुद्धा.

अभ्यंगस्नान झाल्यावर तिने ती भिवराला दिली. भिवराने घातली.

"कशी बसली?"

"बसली, काकू."

"हात वर कर बघू."

भिवराने हात वर केले आणि अर्ध्यातच थांबवले. सवयीने नव्हे. काखेत कापडाचा एवढा गठ्ठा झाला होता की हात पुढे जाईना.

"टोचतंय का गं?"

"थोडं."

"राहू दे. घालून घालून मऊ पडेल."

भिवरा दुसऱ्या दिवशी सकाळी ती चोळी घेऊन अंगणात बसली. सगळ्या शिवणी आतून मोकळ्या केल्या, जादा कापड सरळ रेषेत कापून काढलं, कडा दुमडून टीप घातली. चोळी अंगात घातली आणि दोन्ही हात वर करून बघितले. ते सहज वर गेले. मग कापलेल्या पट्ट्यांची घडी घालून तिने काकूच्या पुढ्यात ठेवली.

दुर्पदाबाईने ती घडी उचलून चाचपली. "सगळी कापलीस?"

"वाढायचं वय गेलं माझं, काकू," भिवरा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर दुर्पदाबाईला तिची समजूत काढता आली असती. "आता मला ती पुरत नाही आणि सरतही नाही, नुसती अडते. अंबूला दिवस गेलेत म्हणे. यात एका बाळाचं टोपडं होईल. त्याला ठेवा."

एवढं म्हणून ती शिंक्यावरचं दूध काढायला गेली. तिने कुणाला हाक मारली नाही, आपणच हात वर केला.

दुर्पदाबाईने पट्ट्या उलगडल्या. तिच्या हातची माया, चार बोटं रुंद. खोटी नव्हती ती. तिने मनापासून ठेवली होती, बोटं फोडून घेऊन ठेवली होती. पण जिच्यासाठी ठेवली, तिला आता तिचा काही उपयोग नव्हता, आणि ते बदलणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. तिने पट्ट्या मांडीवर जोडून बघितल्या, कात्री मागितली आणि टोपडं बेतायला घेतलं.

लेकरू वाढत असतं तेव्हाच त्याच्यासाठी माया ठेवा, कारण मागाहून कितीही ठेवली तरी ती त्याला पुरत नाही, फक्त टोचते.